अनुदानाचा पहिला हप्ता मीटरला द्या

प्रति,
व्यावसायिक इमारतींमधील वीज आणि पाणी बचतीसाठी अनुदान योजना आखणारे, मंजूर करणारे आणि राबवणारे सर्व अधिकारी

सप्रेम नमस्कार.

गेली बावीस वर्षं मी मोठ्या इमारतींच्या देखभालीचं काम करतो. ऑफिसं, रुग्णालयं, हॉटेलं असं सगळं पाहून झालं आहे. माझी जागा बहुतेक वेळा तळघरात, पंप, पॅनेल आणि टाक्यांच्या सोबत असते. तुमच्या योजनांमधून आलेली यंत्रं मी चालवली आहेत, अनुदानाचे अर्ज भरून दिले आहेत, आणि योजनेची फाईल बंद झाल्यावर त्या यंत्रांचं पुढे काय होतं तेही पाहिलं आहे. म्हणून हे पत्र.

सुरुवातीलाच सांगतो, अनुदान हवंच. इमारती चालवायला जगातल्या एकूण अंतिम ऊर्जावापराच्या सुमारे ३० टक्के ऊर्जा लागते, आणि आज उभ्या असलेल्या इमारतींपैकी बहुतेक अजून कित्येक दशकं तशाच उभ्या राहणार आहेत. त्या पाडून नव्या बांधणं हा काही मार्ग नाही. भाड्याच्या इमारतीत आणखी एक पेच असतो. खर्च मालकाने करायचा आणि बिल मात्र भाडेकरूचं कमी होणार. मग मालक पैसे का घालेल? भाडेकरूही दुसऱ्याच्या भिंतीत पैसे घालत नाही. इथे घोडं अडतं, आणि ते पुढे काढायला सरकारच लागतं. माझं म्हणणं अनुदान किती द्यावं याबद्दल नाही. ते कशावर आणि कधी द्यावं, याबद्दल आहे.

एका इमारतीची गोष्ट सांगतो. तिथे अनुदानातून नवा चिलर बसला. म्हणजे अख्ख्या इमारतीच्या वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारं यंत्र. जुना चिलर पंचवीस वर्षांचा होता. नवा तेवढ्याच क्षमतेचा, पण बराच कमी वीज खाणारा. यंत्र बसलं, तपासणीला आलेल्या पथकाने त्यावरची पाटी पाहिली, नंबर लिहून घेतला, बिलाची प्रत घेतली आणि पैसे मिळाले. सहा महिन्यांनी हिशेब पाहणारे गृहस्थ वीजबिलं घेऊन खाली आले आणि म्हणाले, "साहेब, यात बचत कुठे आहे?" बचत होती, पण कागदावर दाखवली होती तिच्या पाव भागही नव्हती.

पाणी कुठे मुरतंय ते आम्ही शोधायला घेतलं. पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह अर्ध्याहून जास्त बंद होता. पंप गरजेपेक्षा मोठा, त्यामुळे जास्तीचा प्रवाह कुणीतरी कधीकाळी व्हॉल्व्ह आवळून अडवला होता. मोटर पूर्ण वेगाने फिरत होती आणि तिचा जोर त्या अर्धवट बंद व्हॉल्व्हवर जिरत होता. एकाच चिलरसाठी दोन पंप एकदम चालू होते. तिसऱ्या मजल्यावर तापमान मोजणारा सेन्सर झेरॉक्स मशीनच्या अगदी वर होता, त्यामुळे मजला गार असूनही यंत्रणेला तो कायम तापलेला वाटायचा. आणि पॅनेलवर हवेच्या पंख्यांचा स्विच 'ऑटो' ऐवजी 'हँड'वर होता. त्यावर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती आणि पट्टीवर बॉलपेनने लिहिलेलं होतं, 'हात लावू नये'. कुणी लिहिलं, का लिहिलं, कुणाला ठाऊक नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, की काही वर्षांपूर्वी एका रविवारी बैठक होती म्हणून पंखे हाताने चालू केले होते. लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला. पंखे त्यानंतर रोज रात्री, प्रत्येक सुटीला, रिकाम्या मजल्यांवर फिरत राहिले.

हे सगळं दुरुस्त करायला चार माणसांना नऊ दिवस लागले. नवीन म्हणून एवढंच घेतलं, की पंपांच्या मोटरचा वेग गरजेनुसार कमी-जास्त करणारे ड्राइव्ह बसवले. वेगाचं गणित तुमच्यापैकी अभियंत्यांना ठाऊकच आहे. पंखा किंवा पंप ८० टक्के वेगाने फिरवला, तर सिद्धांताने त्याला लागणारी शक्ती ५१ टक्क्यांवर येते, कारण शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. प्रत्यक्षात पाणी किती उंच चढवायचं आहे त्यानुसार फायदा थोडा घटतो, तरी तो मोठाच राहतो. नव्या चिलरने जे द्यायचं होतं ते त्या नऊ दिवसांनंतर मिळायला लागलं.

आता तुमच्या योजनेचा अर्ज डोळ्यांसमोर आणा. त्यात चिलरला रकाना असतो, दिव्यांना असतो, काचेला असतो. त्या नऊ दिवसांना रकाना नसतो. चालू यंत्रणा पूर्ण तपासून, जुळवून, मूळ हेतूप्रमाणे पुन्हा चालती करणं, याला आमच्या क्षेत्रात रिट्रो-कमिशनिंग म्हणतात. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये ६४३ इमारतींची माहिती तपासली, तेव्हा जुन्या इमारतींमध्ये अशा कामातून ऊर्जेची मध्यक बचत १६ टक्के आणि खर्च वसूल व्हायला मध्यक काळ १.१ वर्ष निघाला. एवढ्या स्वस्तात एवढं देणारं दुसरं काम माझ्या तरी पाहण्यात नाही. पण त्याची पाटी भिंतीवर लावता येत नाही, त्याचा फोटो निघत नाही, म्हणून ते योजनेच्या बाहेर राहतं.

माझी पहिली आणि मुख्य मागणी अशी: अनुदानाचा पहिला हप्ता मीटरला द्या.

बऱ्याच इमारतींमध्ये विजेचं एकच मोठं मीटर असतं आणि पाण्याचंही एकच. त्यातून महिन्याचं बिल कळतं, रोग कळत नाही. चिलर किती खातो, पंप किती, पंखे किती, दिवे किती, लिफ्ट किती, हे वेगवेगळं कळल्याशिवाय कुठे हात घालायचा हे ठरवणार कसं? आज ते ठरवतो विक्रेता. अर्जाची मुदत काही आठवड्यांची असते, तेवढ्यात नीट तपासणी होत नाही, मग ज्याचं कोटेशन आधी आलं त्याचं यंत्र हाच प्रकल्प होतो. मी स्वतः असे अर्ज भरले आहेत आणि त्याची मला खंत आहे. म्हणून आधी उपमीटर बसवू द्या, १२ महिन्यांची नोंद होऊ द्या, म्हणजे सगळे ऋतू त्यात येतील. ज्यांच्याकडे नोंदी आधीच आहेत त्यांना थांबवू नका. कामानंतर पुन्हा १२ महिने मोजा, हवामान आणि इमारतीतली वर्दळ यांचा फरक वजा करा, आणि शेवटचा हप्ता त्या आकड्यावर द्या. या हिशेबाच्या पद्धती नव्याने शोधायच्या नाहीत. बचत मोजण्याचा आंतरराष्ट्रीय नियमसंच १९९०च्या दशकापासून वापरात आहे.

मोजमापावर उभी राहिलेली व्यवस्था चालते, याचं उदाहरणही आहे. ऑस्ट्रेलियात १९९८ मध्ये सुरू झालेली नेबर्स ही मानांकन पद्धत ऑफिस इमारतीला तारे देते ते नकाशा पाहून नाही, तर १२ महिन्यांच्या प्रत्यक्ष वापरावरून. २०१० पासून तिथे मोठी ऑफिस जागा विकताना किंवा भाड्याने देताना ते तारे जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं. त्यामुळे काय झालं, की भाडेकरू जागा घेताना तारे विचारू लागला आणि मालकाला बचतीत स्वतःचा फायदा दिसू लागला. मघाशी सांगितलेला पेच तिथे बराच सैल झाला.

यावर तुमचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो खरा आहे. सगळे पैसे बचत सिद्ध झाल्यावरच दिले, तर मोठे मालक टिकतील आणि छोटे गळतील. आठ-दहा दुकानं आणि वर दोन मजले ऑफिसं असलेल्या इमारतीच्या मालकाकडे दोन वर्षं पैसे अडकवून ठेवायची ताकद नसते. आजही 'आधी खर्च करा, मग परतावा' या अटीपायी असे लोक अर्जच करत नाहीत. म्हणून मीटर आणि तपासणी यांचे पैसे आगाऊ द्या, कामाचे बरेचसे काम पूर्ण होताच द्या, आणि साधारण पाचवा हिस्सा मोजमापासाठी राखून ठेवा. हा पाचवा हिस्सा माझा अंदाज आहे, तुम्ही हिशेब करून वेगळा ठरवा. एवढं मात्र नक्की, की काहीच राखून ठेवलं नाही तर सहा महिन्यांनी त्या व्हॉल्व्हकडे कुणी पाहत नाही. आणि प्रामाणिक प्रयत्न करूनही आकडा थोडा कमी आला, तर त्या माणसाला चोरासारखं वागवू नका. का कमी आला ते त्याच्याकडून लिहून घ्या. ती माहिती पुढच्या शंभर इमारतींना उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट कामाच्या क्रमाची. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ सालची, १०२ मजल्यांची. २००९ मध्ये तिच्या ऊर्जा-दुरुस्तीचा आराखडा जाहीर झाला, तेव्हा तिथल्या लोकांनी आधी खिडक्या हातात घेतल्या. सुमारे साडेसहा हजार खिडक्यांच्या काचा काढून इमारतीतच उभारलेल्या कार्यशाळेत त्यांत उष्णता अडवणारा, फिल्मसारखा पातळ पडदा बसवला आणि बहुतेक काच पुन्हा वापरली. रेडिएटरच्या मागे उष्णतारोधक थर लावले, दिवे बदलले. भार इतका कमी झाला, की चिलर बदलून मोठे घ्यायची गरजच उरली नाही. आहेत तेच सुधारून वापरता आले. पूर्ण कामातून ऊर्जावापर ३८ टक्क्यांच्या आसपास घटेल असं गणित होतं. आपल्या योजना नेमक्या उलट्या चालतात. यंत्राची यादी आधी, भिंत आणि छप्पर नंतर. मग ऊन आत येतच राहतं आणि ते बाहेर काढायला आपण अनुदानातून मोठं यंत्र घेतो, जे वर्षातले बरेच दिवस अर्ध्या भारावर चालतं. छपरावर पांढरा लेप, खिडकीबाहेर सावली, फटी बंद करणं, ही कामं झाल्याशिवाय मोठ्या यंत्राच्या अनुदानाचा अर्ज घेऊच नका.

आता पाण्याकडे येतो. यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण योजनांच्या नावात पाणी असतं आणि पैशांत फार थोडं असतं.

व्यावसायिक इमारतीतलं पाणी म्हटलं की नळ आणि फ्लश आठवतात. ते महत्त्वाचे आहेतच. जुन्या टाकीत एका फ्लशला १० लिटर आणि त्याहून जास्त पाणी जातं, नव्या दोन बटणांच्या टाकीत ६ आणि ३. पण पाण्याने थंड होणारा चिलर जिथे आहे, तिथे सगळ्यात मोठा ग्राहक गच्चीवर बसलेला असतो: कूलिंग टॉवर, म्हणजे थोड्या पाण्याची वाफ करून चिलरची उष्णता हवेत सोडणारा मनोरा. पूर्ण भारावर दर टन क्षमतेमागे (हा टन वजनाचा नाही, थंड करण्याच्या क्षमतेचा) तासाला साधारण साडेसहा लिटर पाण्याची वाफ होते. ५०० टनांचं यंत्र असेल तर तासाला सव्वातीन हजार लिटर. ही वाफ टाळता येत नाही, थंडावा तिच्यातूनच मिळतो. टाळता येतं ते वेगळं आहे. पाण्याची वाफ होते पण क्षार मागे उरतात, म्हणून थोडं दाट झालेलं पाणी सतत बाहेर सोडावं लागतं. त्याला ब्लोडाउन म्हणतात. पाणी तिप्पट दाट होईपर्यंत वापरून सोडलं, तर वाफेच्या दीडपट नवं पाणी भरावं लागतं. नीट प्रक्रिया करून सहापट दाट होईपर्यंत वापरलं, तर एक पूर्णांक दोन दशांश पट. म्हणजे भरण्याच्या पाण्यात २० टक्के बचत. त्याच ५०० टनांच्या यंत्राचा दहा तासांचा हिशेब मांडला तर जवळपास दहा हजार लिटर, रोज. त्यासाठी लागतं काय? क्षार मोजणारा एक नियंत्रक, भरणाऱ्या आणि सोडणाऱ्या पाण्यावर एकेक मीटर, आणि पाण्याची प्रक्रिया समजणारा माणूस. मात्र मूळ पाणीच क्षाराचं असेल तर सहापट गाठता येत नाही. म्हणून सरसकट आकडा अटीत घालू नका, पाण्याची तपासणी करून ठरवू द्या.

आणि गळती. रात्री इमारत रिकामी असताना पाण्याचं मीटर पाहा. ते स्तब्ध असायला हवं. मी एका इमारतीत पहाटे तीन वाजता टॉर्च घेऊन मीटरसमोर बसलो होतो. आतला छोटा लाल काटा शांतपणे फिरत होता. मिनिटाला एक लिटर, बस. कुठेही ओल नाही, आवाज नाही. एक लिटर मिनिटाला म्हणजे दिवसाला १,४४० आणि वर्षाला सव्वापाच लाख लिटर. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रत्येक फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाकले आणि फ्लश न करता थांबलो. अकरा भांड्यांत रंग उतरला. तळाचं रबर झिजलं होतं. अकरा रबरं बदलली आणि काटा थांबला. त्या वर्षी त्याच इमारतीने बिनपाण्याच्या मुतारीसाठी अनुदान मागितलं होतं, आणि रबरांसाठी मागायची सोय नव्हती.

पाणी आणि वीज यांना वेगवेगळ्या खिडक्यांवर पाठवू नका, ही विनंती तर फार कळकळीने करतो. पाण्याची योजना एका खात्याची, विजेची दुसऱ्या खात्याची, असं झालं की एकाची बचत दुसऱ्याच्या अंगावर पडते. कूलिंग टॉवर काढून हवेने थंड होणारा चिलर बसवला, तर पाण्याच्या खात्याला भरघोस बचत दिसते आणि विजेचा वापर वाढतो. उलट केलं तर वीज वाचते आणि टाकी रिकामी होते. कुठलं बरोबर, हे त्या ठिकाणच्या पाण्यावर आणि हवामानावर ठरेल, पण ठरवणाऱ्याच्या समोर दोन्ही आकडे एकाच कागदावर हवेत. चांगल्या बाजूचंही तेच आहे. वाचलेलं पाणी वर चढवावं लागत नाही. हजार लिटर पाणी ५० मीटर चढवायला, पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागते. गरम पाणी असेल तर बचत कितीतरी मोठी. आज हा दुहेरी फायदा कुणाच्याच खात्यात धरला जात नाही.

जुन्या यंत्राचं काय होतं, याकडेही कानाडोळा होतो. काढलेल्या चिलरमधला किंवा एसीमधला गॅस हवेत सोडून यंत्र भंगारात देताना मी पाहिलं आहे. आर-२२ हा जुना गॅस १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट तापमानवाढ करतो, आणि ओझोनलाही मारक आहे. मॉन्ट्रियल करार १९८७ चा, त्यातली किगाली दुरुस्ती २०१६ ची. जगाने या वायूंबद्दल लेखी शब्द दिलेले आहेत. गॅस गोळा करून रीतसर जमा केल्याची पावती आणि जुनं यंत्र मोडीत काढल्याचा दाखला आल्याशिवाय पैसे सोडू नका. नाहीतर तेच यंत्र दुसऱ्या एखाद्या इमारतीत पुन्हा चालू होतं.

आणि माणसं. यंत्राच्या किमतीत दोन दिवसांचं प्रशिक्षण धरलेलं असतं. ते ज्यांना मिळतं ते ठेकेदाराचे कामगार, आणि ठेका वर्षभरात बदलतो. रात्रपाळीच्या मुलाला कुणीच काही सांगत नाही. तो बिचारा तक्रार आली की स्विच 'हँड'वर टाकतो, कारण त्याला तेवढंच दाखवलेलं असतं. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. अनुदानातला थोडा भाग तीन वर्षं दरवर्षी प्रशिक्षणासाठी आणि वर्षातून एकदा पूर्ण यंत्रणेच्या फेरतपासणीसाठी ठेवा. व्हॉल्व्ह किती उघडा, सेन्सर कुठे, वेळापत्रक काय, हे मातृभाषेत लिहिलेली वही प्लँट रूममध्ये असावी, अशी अट घाला. ही अट घालायला तुम्हाला एक पैसा लागणार नाही.

ज्यांनी स्वतःच्या पैशाने आधीच बचत केली, त्यांना आज शिक्षा होते. बचतीच्या टक्केवारीने अनुदान दिलं की ज्याने वर्षानुवर्षं वीज उधळली त्याला जास्त मिळतं. चौरस मीटरमागे प्रत्यक्ष वापर किती, यावरही थोडा भाग ठरवा.

शेवटी एक निमंत्रण. पुढच्या योजनेचा मसुदा पक्का करण्याआधी तुमच्यापैकी दोघांनी एखाद्या रात्री, इमारत बंद झाल्यावर, आमच्याबरोबर तळघरापासून गच्चीपर्यंत यावं. दोन तास लागतील. पाण्याच्या मीटरपासून सुरुवात करू, मग पॅनेल, मग रिकामे मजले. टॉर्च मी आणतो, तुम्ही अर्जाचा नमुना आणा. जे दिसेल त्याला त्यात रकाना आहे का, ते तिथेच उभं राहून पाहू.

आपला नम्र,
इमारत देखभालीतला एक अभियंता